पोलाद निवडण्याआधी भट्टी पाहा

शिराळा, वाळवा, कराड या पट्ट्यात लोहाराकडं खुरपं किंवा कोयता करायला टाकताना गिऱ्हाईक एक अट हमखास घालतं: पाट्याचं पाहिजे. पाटा म्हणजे ट्रकच्या कमानीतला पाटा. आठवडी बाजारात ढिगानं मिळणाऱ्या पत्र्याच्या खुरप्यापेक्षा त्याला पैसे जास्त पडतात, तरी शेतकरी तेच मागतो, कारण ऐन भांगलणीत धार वाकली तर मजुरी अंगावर येते. ही अट घालणाऱ्यानं पोलादाचं पुस्तक उघडलेलं नसतं, पण त्याची निवड धातुशास्त्राच्या कसोटीला पुरती उतरते.

अलीकडं ऐरणीपाशी आणखी एक मंडळी दिसू लागली आहेत. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली, परदेशी कारागिरांचे व्हिडिओ पाहून सुऱ्या घडवायचा नाद लागलेली तरुण पोरं. त्यांना पाटा जुनाट वाटतो. त्यांना 'हाय कार्बन टूल स्टील' हवं असतं, आणि तेही जितका कार्बन जास्त तितकं पोलाद भारी या हिशोबानं. मग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून डी-2ची पट्टी येते, कोळशाच्या भट्टीत जाते, घणाखाली चिरते किंवा कशीबशी सुरी होते, आणि त्या सुरीनं टोमॅटो दाबला जातो, कापला जात नाही. दोष पोलादाचा नसतो. त्या भट्टीला ते पोलाद पेलत नाही, एवढंच.

म्हणून सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो. ज्याला तुमच्या भट्टीत नीट पाणी देता येतं, म्हणजे तापवून-बुडवून कडक करता येतं, ते तुमच्यासाठी उत्तम पोलाद. पाणी नीट बसलेला साधा पाटा हा पाणी फसलेल्या महागड्या टूल स्टीलपेक्षा केव्हाही सरस.

कार्बन किती हवा?

दुकानातली साधी एमएस पट्टी घ्या. तिच्यात कार्बन फार तर 0.23 टक्के. बांधकामाच्या टीएमटी सळीत 0.30 टक्क्यांच्या आत. ही दोन्ही लोखंडं लाल करून पाण्यात बुडवली तरी सुरीला लागतो तेवढा कडकपणा त्यांना येत नाही. सळीचा कोयता करून देणारे लोक आहेत, तो दिसायलाही झकास असतो, पण त्याची धार दुपारपर्यंत गोल होते. शाफ्टसाठी वापरतात ते ईएन-8 साधारण 0.40 टक्क्यांचं. त्याची कुदळ, पहार चांगली होते, पातं बेताचंच. पात्याची खरी हद्द सुरू होते 0.50 टक्क्यांच्या पुढं.

आता नव्या पोरांनी नीट ऐकावी अशी गोष्ट. कार्बन वाढेल तसा पोलादाचा कमाल कडकपणा वाढतो हे खरं, पण साधारण 0.60 टक्क्यांपर्यंतच तो झपाट्यानं वाढतो. त्यानंतर चढ जवळजवळ थांबतो. पुढचा जादा कार्बन कार्बाइडच्या बारीक कणांत जाऊन बसतो. त्यानं धार झिजायला वेळ लागतो, पण चिवटपणा कमी होतो आणि ठोकताना तापमानाची मोकळीकही कमी होते. कार्बन वाढवत वाढवत दोन टक्क्यांच्या पार गेलात की पोलाद संपतं आणि बीड सुरू होतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओततात त्या बिडात तीन टक्क्यांच्या वर कार्बन असतो. लाल करून घण मारला तर त्याचे तुकडे पडतात. जास्त कार्बन म्हणजे जास्त चांगलं, हा हिशोब तिथं उघडा पडतो.

आपल्या दख्खनचं प्रसिद्ध वुट्झ पोलाद याच कारणानं परदेशी लोहारांना दाद देत नव्हतं. तेलंगणातल्या निजामाबादजवळच्या कोनसमुद्रमसारख्या गावांत मुशीत शिजवलेल्या त्या वड्यांत दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या वड्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या लोहारांनी त्या आपल्या नेहमीच्या लोखंडासारख्या पांढऱ्याफटक तापवल्या आणि हातोड्याखाली त्यांचा भुगा झाला. मंद लालीवर, सबुरीनं ठोकणाऱ्या माणसाच्या हाती मात्र तेच पोलाद नामांकित तलवारींची पाती झालं.

काम काय, धार कोण लावणार?

शिराळा म्हटलं की बाहेरच्याला नागपंचमी आठवते. पात्याच्या दृष्टीनं मात्र या तालुक्याची गंमत अशी की पश्चिमेला चांदोलीकडं डोंगर, पाऊस आणि भात, तर पूर्वेला वारणेकाठी आणि चिखलीच्या साखर कारखान्याच्या भोवती ऊस. भात कापायला विळा, गवताला विळा, भुईमुगाला आणि भाजीला खुरपं, उसाला कोयता, घरात विळी आणि सुरी, खाटकाकडं सत्तूर. या सगळ्यांना एकच पोलाद चालवायचं हा हट्ट सोडायला हवा.

कोयता घ्या. ऊस बुडातून, मातीलगत तोडायचा असतो. त्यामुळं पातं दिवसातून अनेकदा मातीवर, खड्यावर आदळतं. इथं कडकपणापेक्षा चिवटपणा मोठा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे आणि कुठल्याही ग्रेडच्या तक्त्यात ती सापडत नाही: तोडकरी फडातच कानस काढून धार लावतो. कानशीचा कडकपणा रॉकवेल सी मापावर 62 ते 65च्या घरात असतो. तुम्ही हौसेनं कोयता 60 कडक केलात तर त्यावरून कानस नुसती सटकते. तोडकरी चार शिव्या देतो आणि कोयता पालावर फेकून देतो. रानात कानस लागत नाही ते पातं शेतीच्या कामाचं नाही. कोयत्याला 50 ते 54 पुरे, खुरप्याला 54-55.

घरातल्या सुरीचं उलट. ती लाकडी पाटावर चालते, खड्याशी गाठ पडत नाही, धार दगडावर लावतात. तिला 58 ते 60 कडकपणा आणि पातळ धार शोभते. सत्तूर या दोघांच्या मधला: मांस कापायचं पण हाडावरही आदळायचं, म्हणून 55-56च्या आसपास. विळीचं पातं जाड असतं आणि पिढ्यान्‌पिढ्या घासून वापरतात. तिला 57च्या पुढं नेण्यात अर्थ नाही.

भाताच्या विळ्याबद्दल एक सल्ला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा आता सगळीकडं मिळतो, हलका आहे, स्वस्त आहे. त्याच्याशी हातघडणीच्या विळ्यानं किमतीत स्पर्धा करू नये. गवताचा जाड विळा, खुरपं, कोयता आणि सुरी यांतच घडणाऱ्याची मजुरी सुटते.

बाजारातली नावं

ईएन-45. हाच कमानीच्या पाट्याचा नवा, कोरा भाऊ. कार्बन 0.50 ते 0.60, सिलिकॉन दीड ते दोन टक्के, मँगनीज 0.70 ते 1.00. सिलिकॉनमुळं पातं वाकून परत सरळ होतं आणि ताव उतरवल्यावरही, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पातं पुन्हा थोडं तापवल्यावरही, कडकपणा बऱ्यापैकी टिकतो. तेलात पाणी धरतं. थोडं जास्त तापलं, थोडं कमी ठोकलं, तरी लगेच रुसत नाही. कोयता, खुरपं, सत्तूर, कुऱ्हाड, जंगलातली मोठी सुरी, सगळ्याला चालतं. घरच्या सुरीलाही चालतं. तिला धार जरा लवकर लावावी लागेल, इतकाच फरक. शिकणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी, आणि माझ्या मते शिकलेल्यानंही हे सोडायचं काही कारण नाही.

0.75 ते 0.80 टक्के कार्बनची साधी पोलादी पट्टी, बाजारात सी-75, सी-80 अशा नावांनी मिळणारी. कार्बन आणि थोडं मँगनीज सोडलं तर यात फारसं काही नसतं, म्हणून हिचा स्वभाव कळायला सोपा. घरच्या सुरीसाठी ही माझी पहिली पसंती. लोहचुंबक सोडल्यावर जराशी वर न्यायची आणि कोमट तेलात बुडवायची, बस. जाड पात्याला मात्र तेल मंद पडतं. तीन-चार मिलिमीटरपर्यंत ठीक.

ओएचएनएस. डाय आणि पंच करणाऱ्या प्रत्येक वर्कशॉपला ठाऊक असलेलं टूल स्टील. कार्बन 0.90च्या पुढं, मँगनीज एक टक्क्याच्या वर, जोडीला अर्धा-अर्धा टक्का क्रोमियम आणि टंगस्टन. तेलात फारसं वाकत नाही, धार सुरेख घेतं आणि धरून ठेवतं. 790 ते 815 अंश सेल्सिअसवर पाच-दहा मिनिटं धरून मग तेलात. ही पाच-दहा मिनिटं एकसारखी लाली राखणं भात्याच्या भट्टीत कठीण आहे, पण अशक्य नाही. भट्टीत जाड पाइपाचा तुकडा ठेवून त्याच्या आत पातं तापवलं की हवेचा झोत थेट बसत नाही आणि लाली सारखी राहते. पाइप साधा काळा घ्या. जस्ताचा मुलामा असलेल्या जीआय पाइपाचा धूर विषारी असतो आणि त्यानं तापानं फणफणायला होतं. एक इशारा: ओएचएनएस ठोकून झाल्यावर नुसतं हवेत टाकलं तरी अर्धवट कडक होतं, मग ड्रिलही लागत नाही. ते राखेत पुरून गार करायचं. भाताच्या तुसाची राख यासाठी फार चांगली, उष्णता कोंडून धरते, आणि शिराळ्यात तिला तोटा नाही.

ईएन-31. बेरिंगचं पोलाद, सुमारे एक टक्का कार्बन आणि सव्वा टक्क्याच्या आसपास क्रोमियम. याची सुरी झाली तर दृष्ट लागावी अशी होते. पण 'झाली तर'. ठोकताना लाली थोडी उतरली की आतून चिरतं, जास्त झाली की कडा विसविशीत होतात. पाणी देताना 820 ते 840 अंशांवर धरावं लागतं, आणि डोळ्यानं 820 व 880 यांतला फरक ओळखणारे लोहार थोडे. तापमान दाखवणारी विजेची भट्टी असेल तर जरूर घ्या.

एचसीएचसीआर, म्हणजे डी-2 आणि डी-3. बारा टक्के क्रोमियम, कार्बन डी-2मध्ये दीड आणि डी-3मध्ये दोन टक्क्यांच्या वर. डी-2ला पाणी द्यायला हजार अंशांच्या वर नेऊन वीस-तीस मिनिटं तिथंच धरावं लागतं. कोळशाच्या भट्टीत हे होत नाही. हे ठोकायचं पोलाद नाही, कापून-घासून आकार द्यायचं आणि व्यावसायिक हीट ट्रीटमेंटला पाठवायचं पोलाद आहे. हायस्पीड स्टीलला तर 1200 अंशांच्या आसपास लागतात. ऐरणीवर दोन्हींना हात लावू नये.

भंगार: फुकटचं आणि फसवं

पेठ नाक्याच्या आसपास महामार्गावर कमानी दुरुस्त करणारी गॅरेजं आहेत. तुटका पाटा तिथं किलोवर मिळतो. आपल्या भागातल्या लोहारकीचा तोच कच्चा माल. सगळेच पाटे ईएन-45चे नसतात. कुणी क्रोमियमचं एसयूपी-9 वापरतं, कुणी क्रोम-व्हॅनेडियमचं. पण सगळ्यांत कार्बन अर्धा टक्का ते 0.60च्या दरम्यान आणि सगळे तेलात कडक होतात. लोहाराला ग्रेडचं नाव ठाऊक नसून त्याचं काम बिघडत नाही, ते यामुळं. एका ट्रकच्या पाट्यावर बसवलेली रीत दुसऱ्या ट्रकच्या पाट्याला थोड्या फरकानं लागू पडते.

पाट्याचा खरा धोका ग्रेडचा नाही, चिरेचा आहे. लाखो हिसके खाल्लेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणाऱ्या भेगा असतात आणि सुरी तयार होऊन पाणी देताना त्या उघडतात. तपासायची रीत जुनी आणि स्वस्त आहे. पाटा घासून स्वच्छ करा, रॉकेल चोळा, दहा मिनिटांनी कोरडा पुसा आणि वरून खडूची पूड फासा. भेग असेल तिथं रॉकेल पाझरून खडूवर ओली रेघ उमटते. मधल्या बोल्टाच्या भोकाजवळचा भाग तर तपासायच्या फंदात न पडता टाकूनच द्या.

जुन्या कानशीत सव्वा टक्क्याच्या घरात कार्बन असतो. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूणला आणि पुढं रत्नागिरीला जे. के. फाइल्सचे कारखाने आहेत, त्यामुळं चांगल्या कंपनीची झिजलेली कानस आपल्याकडं दुर्मीळ नाही. तिची लहान सुरी किंवा कोरणी उत्तम होते. पण ठोकण्याआधी दाते पूर्ण घासून काढा, नाहीतर प्रत्येक दाताच्या खाचेतून भेग सुरू होते. स्वस्तातली बिननावाची कानस नुसती वरून कडक केलेली असू शकते. तिचा तुकडा मोडून आधी खात्री करा. लाकडाच्या वखारीतलं रुंद करवतीचं पातं हेही चांगलं, बहुधा 0.75च्या आसपासचं, आणि मुळात पातळ असल्यानं घण कमी मारावा लागतो. बेरिंगच्या कड्यांचं मात्र सांगता येत नाही, काही आरपार ईएन-31 असतात, काही फक्त पृष्ठभागावर कार्बन मुरवलेल्या.

रेल्वेच्या मालाला हात लावू नका. कराड, ताकारी, किर्लोस्करवाडी हा रुळांचा पट्टा जवळच आहे आणि रुळाच्या क्लिपा भंगारात अधूनमधून दिसतात. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणं हा 1966च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि कुणीतरी विकली म्हणून मी घेतली, हे उत्तर चालत नाही. शिवाय ती क्लिप 55एसआय-7 नावाच्या सिलिकॉनच्या स्प्रिंग पोलादाची असते, म्हणजे जवळजवळ ईएन-45च. दुकानात बिलावर मिळतं तेच.

पोलाद ओळखायचं कसं?

पोलादाची जात मोडून पाहण्याची रीत सह्याद्रीला नवी नाही. महाबळेश्वरच्या पठारावर आणि विशाळगड-पन्हाळ्याच्या डोंगरांत धावड लोक जांभ्या दगडातून कोळशावर लोखंड काढायचे. अशा भट्टीतून निघालेला गोळा कधी एकसारखा नसतो, कुठं कार्बन जास्त, कुठं अजिबात नाही. धारेसाठी कडक भाग निवडायचा आणि अंगाला मऊ, ही निवड घणाखाली मोडून, आतला कण बघूनच होत असे. आजही त्याहून खात्रीची घरगुती परीक्षा नाही.

आधी ठिणगी. पट्टी ग्राइंडरवर टेकवा. एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ, फाटे कमी. कार्बन वाढेल तशी ठिणगी आखूड होते आणि टोकाला फुलबाजीसारखी फुटते. एचसीएचसीआरची ठिणगी आखूड आणि नारिंगी, हायस्पीडची मलूल लाल, जवळजवळ न फुटणारी. शेजारी एक एमएसचा, एक पाट्याचा आणि एक कानशीचा तुकडा ठेवून आळीपाळीनं पाहा, एकट्या ठिणगीवरून काही कळत नाही.

मग बोटभर तुकडा कापा, लोहचुंबक चिकटेनासं होईपर्यंत तापवा, आणखी एक छटा वर न्या आणि तेलात बुडवा. गार झाल्यावर कानस लावा. सटकली तर कडक झालं. कानस चावली तर दुसरा तुकडा पाण्यात बुडवून पाहा. तिथंही चावली तर ते लोखंड पात्याचं नाही, गेटाच्या कामाला ठेवा. कडक झालेला तुकडा फडक्यात गुंडाळून, डोळ्याला चष्मा लावून, हातोड्यानं मोडा. आतला भाग मऊ राखाडी, मखमली दिसला तर उत्तम. साखरेसारखा चमचमीत रवाळ दिसला तर तुम्ही जास्त तापवलंय. पोलाद बदलू नका, लाली कमी करा.

माल जास्त घ्यायचा असेल तर स्पेक्ट्रो चाचणी करून घ्या. कोल्हापूरच्या फाउंड्री उद्योगामुळं ही सोय आपल्या दाराशी आहे. छोटा सपाट तुकडा दिला की कार्बन, मँगनीज, सिलिकॉन, क्रोमियम यांचे आकडे छापून मिळतात. एकाच भंगारवाल्याकडून दहा पाटे घेणार असाल तर हा खर्च एका वाया गेलेल्या कोयत्यापेक्षा जड नाही. दुकानातून नवी पट्टी घेताना टेस्ट सर्टिफिकेटची प्रत मागा आणि त्यावरचा हीट नंबर पट्टीवरच्या नंबराशी जुळवा. टोकाला मारलेल्या रंगावर विसंबू नका, दर कंपनीचा रंग वेगळा असतो. आणि दुकानदारानं पट्टी कापून देताना रंगाचंच टोक आधीच्या गिऱ्हाइकाला दिलेलं असतं.

पाणी देताना

निवड बरोबर असूनही पातं बिघडतं ते बहुतेक वेळा इथं. म्हणून थोडं सविस्तर.

ठोकताना केशरी लालीवर काम करा, लाली काळवंडू लागली की हातोडा थांबवा. भट्टीत पोलादातून ठिणग्या उडायला लागल्या म्हणजे ते जळालं, तेवढा भाग कापून टाकण्यावाचून इलाज नाही. घडवून झाल्यावर पातं तीनदा तापवून, दर वेळी थोडी कमी लाली ठेवून, हवेत गार करा. कण बारीक होतो. ओएचएनएससारखं पोलाद हवेतही कडक होतं, त्याचा शेवटचा गारवा राखेतच. धार या टप्प्यावर कधीही पूर्ण काढू नका. भट्टीत पृष्ठभागावरचा कार्बन जळतो आणि पातळ धार तेलात गेल्यावर चिरते किंवा वाकते. एक-दीड मिलिमीटर जाडी ठेवा, बाकीचं नंतर घासा.

लाली पाहायची ती सावलीत. उन्हात पाहिलेली लाली नेहमी फसवते, म्हणून आपल्याकडं लोहाराची भट्टी छपराच्या आत, अंधाऱ्या कोपऱ्यात असते. लोहचुंबक सुमारे 770 अंशांना सोडतं. सी-75ला त्याच्या जरासं वर, ईएन-45ला बरंच वर, 870च्या आसपास न्यायचं. तेल 50-60 अंशांपर्यंत कोमट करा. थंड तेल घट्ट असतं आणि पात्याची उष्णता हळू ओढतं. शेंगदाण्याचं किंवा पाम तेल चालतं. गाडीचं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्याचा धूर छातीला घातक, ते वापरू नका. भांडं लोखंडी, खोल आणि झाकणाचं. तेल पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी ओतायचं नाही.

कडक झालेलं पातं त्याच दिवशी ताव उतरवून घ्या, रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी चीर दिसू शकते. घरच्या सुरीसाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे केक भाजायची विजेची भट्टी. 200 अंशांवर दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. आतलं तापमान वेगळ्या थर्मामीटरनं तपासा, बाहेरच्या चकतीवर भरवसा नको. ओएचएनएस त्यानंतर 60च्या आसपास राहतं, ईएन-45 57-58ला.

कोयत्याला जुनी रीत सोयीची. फक्त धारेकडचा भाग बुडवायचा, पाठीत लाली असतानाच बाहेर काढायचं, विटेच्या तुकड्यानं धार घासून उजळ करायची आणि पाठीकडून धारेकडं सरकणारे रंग पाहायचे. फिकट गवती म्हणजे सुमारे 205 अंश, तपकिरी 255, जांभळा 280, निळा 300. कोयत्याची धार निळी झाली की पुन्हा बुडवायचं. पाठ मऊ राहते, धार कडक आणि कानस तिला चावते. हे रंग अर्ध्या मिनिटात पळतात, म्हणून आधी भंगार तुकड्यांवर हात बसवा.

एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवतो, कारण कोयत्यानं झालेल्या हल्ल्यांच्या बातम्यांमुळं पोलीस आता बारकाईनं बघतात. शस्त्र नियमांच्या यादीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीची आणि उद्योगाची अवजारं त्यातून वगळली आहेत. म्हणून कोयता कोयत्यासारखाच करा, सत्तूर सत्तुरासारखा. हौसेखातर तलवार किंवा जंबिया करून द्यायची मागणी आली तर सरळ नाही म्हणा, आणि केलेल्या मालाची पावती फाडा.

राहता राहिला गंज. या सगळ्या पोलादांना तो चढतो, आणि चांदोलीच्या बाजूच्या पावसात रात्रीत चढतो. सुरी धुऊन लगेच कोरडी करायची, खोबरेल किंवा शेंगतेलाचं बोट फिरवायचं. चिंच-लिंबानं पातं काळं पडलं तर ते खराबी समजू नये, हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगा, नाहीतर आठ दिवसांत सुरी परत येते.

उद्यमनगरात जाल तेव्हा ईएन-45ची पाच-सहा मिलिमीटर जाडीची एक पूर्ण लांबीची पट्टी, एकाच हीट नंबरची, बिलावर घ्या. पहिले चार तुकडे फक्त तापवून, बुडवून, मोडून बघण्यात घालवा. उरलेल्याची खुरपी, कोयते, सुऱ्या करा आणि ओळखीच्या शेतकऱ्यांना, खाटकाला, घरच्या बायकांना वापरायला द्या. ते काय म्हणतात ते लिहून ठेवा. ती पट्टी संपेपर्यंत ओएचएनएसच्या दुकानाची पायरी चढू नका.